हलक्या जाकिटाचे वजन

गेल्या वर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाने हस्तकलेचे एक छोटेखानी प्रदर्शन भरविले होते. परीक्षक म्हणून ज्या तिघांना पाचारण करण्यात आले, त्यांत आम्हीही होतो. कथा-कवितांवर चार शब्द लिहिणाऱ्या माणसाला सुईदोऱ्यातले काय कळते, हा प्रश्न बोलावणाऱ्यांना पडला नाही आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही पडला नाही. समीक्षक म्हणून थोडे नाव झाले की माणसाला कशाचीही परीक्षा करावयास बोलावतात, आणि माणूसही जातो.

सभागृहात टेबलांच्या तीन रांगा मांडल्या होत्या. दर्शनी बाजूला फुलीच्या टाक्याने भरलेले, काचेत मढविलेले 'शेवटचे भोजन' होते. त्यामागे वेदीवरची आच्छादने, मण्यांची तोरणे, कागदी फुलांच्या परड्या. शेवटच्या रांगेच्या टोकाला हँगरवर एक पांढरे, क्रोशाने विणलेले जाकीट टांगलेले होते आणि त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर वळणदार अक्षरांत लिहिले होते : 'उन्हाळ्यातील संध्याकाळसाठी'. आमचे एक सहपरीक्षक ते पाहून म्हणाले, "नाव जाकीट आणि अंगभर भोके! वाऱ्याला आत यायचे आमंत्रणच दिले आहे." आम्ही हसलो. जाकीट विणणाऱ्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्याही थोड्या हसल्या आणि एवढेच म्हणाल्या, "सर, हातात घेऊन तरी बघा." आम्ही घड्याळ पाहिले. 'शेवटच्या भोजना'ला पहिले पारितोषिक मिळाले, आणि जाकिटाला उत्तेजनार्थ.

पुढे मे महिन्यात एका लग्नाचा स्वागतसमारंभ समुद्राजवळच्या वाडीत उघड्यावर होता. सूर्य बुडाला, दिवसाचा उकाडा ओसरला आणि नारळांच्या झावळ्यांतून वारा सुटला. त्या गर्दीत ते जाकीट आम्ही दुसऱ्यांदा पाहिले. बाईंच्या लेकीने ते बिनबाह्यांच्या निळ्या फ्रॉकवर घातले होते. फ्रॉकचा निळा रंग जाळीतून झिरपत होता, वारा आला की पाठीवरची वीण हलकेच फुगत होती आणि पुन्हा अंगावर बसत होती. मुलगी दुपारी ख्रिस्तमंदिरात लग्नाच्या मिस्सेलाही ते घालूनच होती, असे कळले. तेथे खांदे झाकावयाचे होते म्हणून, आणि येथे वाऱ्यासाठी. हँगरवर जे रिकामे दिसले, ते अंगावर भरलेले होते. आपण ज्या वस्तूचा निकाल दिला, ती वस्तू आपण पाहिलीच नव्हती, हे आम्हांला त्या मांडवात उमगले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बाईंच्या घरी जाऊन ते जाकीट दोन दिवसांसाठी मागून आणले. प्रस्तुत लेख ही त्या जाकिटाची समीक्षा आहे आणि आमच्या चुकलेल्या निकालाची दुरुस्तीही.

जाळी आणि खांदा

प्रथम वस्तूविषयी. जाकीट कमरेच्या थोडे खाली येते, बाह्या कोपरापर्यंत आहेत, समोरून ते उघडे आहे आणि छातीपाशी एकच गोफाची गाठ आहे. दोरा पांढरा, मर्सराइज्ड सुती. जॉन मर्सर नावाच्या इंग्रज रसायनज्ञाने १८४४ साली सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून पाहिली, तिच्यावरून हे नाव आले. या प्रक्रियेने धागा बळकट होतो आणि रंग चांगला धरतो. पुढे धागा ताणून धरून ती केली असता त्याला रेशमासारखी झाकही येते, असे आढळले. घरच्या काट्यावर आम्ही जाकीट तोलले तेव्हा ते ३१० ग्रॅम भरले. अंगावर घेतले तर नुकत्याच धुतलेल्या सुती ओढणीहून फारसे अधिक वाटत नाही.

ज्यांनी क्रोशा कधी हाती धरला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी पुष्कळ फासे सुईवर जिवंत असतात. क्रोशात आकडीसारख्या टोकाच्या एकाच सुईवर बहुधा एकच फास जिवंत असतो. बाकीचे टाके जागच्या जागी मिटत जातात. एकापुढे एक फास ओढला की साखळी होते. सुईवर दोरा घेऊन टाका उंच केला की खांब होतो. दोन खांबांच्या मध्ये दोन साखळ्या सोडल्या की एक चौकोनी घर पडते. अशी घरे शेजारी-शेजारी आणि एकावर एक रचीत गेले की जाळी तयार होते. या जाकिटाच्या पाठीवर पट्टी ठेवून आम्ही मोजले. दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनात आडवी ८ आणि उभी ९, म्हणजे ७२ घरे भरली. पाठ, दोन्ही पुढे आणि बाह्या धरून किती घरे होतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ज्यांना आम्ही भोके म्हणून हसलो, ती ही घरे. उन्हाळी जाकिटाची सारी परीक्षा येथेच आहे. लोकरीच्या स्वेटरचे काम सोपे असते. त्याने दाट व्हावे, हवा कोंडून धरावी आणि ऊब द्यावी. उन्हाळी संध्याकाळच्या जाकिटाकडून परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा असते. घाम कोंडता कामा नये, पण उघड्या दंडावर गार वाराही थेट लागू नये. खांदा झाकला जावा, पण आतल्या पोशाखाचा रंग मरू नये. घरे मोठी पडली तर ते मासे धरण्याचे जाळे होते आणि लहान पडली तर टेबलक्लॉथ. या दोहोंच्या मधली वाट हाताला सापडावी लागते. बाईंना ती सापडली आहे. सुताची निवडही योग्यच. कृत्रिम धागा स्वस्त पडला असता आणि धुण्यास सोपा, पण तो घाम शोषीत नाही.

सुताचा एक दोष मात्र प्रसिद्ध आहे. लोकरीची वीण ताणली तरी मागे येते. सुताची वीण ताणली की बहुधा ताणलेलीच राहते. जाळीचे जाकीट चार वेळा धुऊन टांगले की खाली लोंबू लागते, खांदे दंडावर उतरतात आणि बाह्या मनगट गाठतात. या ठिकाणी बाईंनी जे केले आहे, त्यास आम्ही निःसंकोचपणे रचनेची जाण म्हणू. गळ्यापासून खांद्यापर्यंतचा भाग त्यांनी जाळीत विणलेलाच नाही. तो आखूड टाक्यांनी दाट विणला आहे आणि सारी जाळी त्या दाट पट्ट्याला टांगली आहे. खांद्याची शिवणही आतून दुहेरी आहे. पाहणाऱ्याची नजर जाळीवर जाते. भार वाहतो तो खांदा. चांगल्या कवितेतही असे होते. शब्द तरंगताना दिसतात, पण कोठेतरी एखादी ओळ सगळ्यांचे ओझे घेऊन घट्ट उभी असते.

दोष नाहीत असे नाही. कॉलर जाड झाली आहे. तिच्यावर शिंपल्यांच्या नक्षीच्या तीन ओळी आहेत. एक पुरली असती. त्या जाडीमुळे मानेमागे घाम साचतो, आणि जे जाकीट उकाड्यावर उपाय म्हणून विणले, तेच त्या एका जागी उकडते. खालच्या काठाच्या झालरीलाही हाच मोह नडला आहे. तिच्या भाराने पुढच्या दोन्ही बाजू पाठीपेक्षा बोटभर खाली ओढल्या गेल्या आहेत. आमच्याकडच्या हस्तकलेला अलंकाराचा लोभ आवरत नाही, हे आम्ही लेखांच्या बाबतीतही अनेकदा पाहिले आहे. आपल्याला जे येते ते सगळे एकाच वस्तूत दाखवावे, असे हाताला वाटते. हलकेपणा साधायचा तर येत असलेलेही गाळता यावे लागते.

छापील कृती काय सांगत नाही

हे जाकीट बाईंनी एका परदेशी मासिकातील इंग्रजी कृतीवरून विणले. ती कृतीही त्यांनी आम्हांस वाचावयास दिली. पाने पिवळी पडलेली, कडेला पेन्सिलीने केलेली आकडेमोड. वाङ्मयाचा एक प्रकार म्हणून ही कृती वाचताना आम्हांला नवल वाटले. तीत एकही विशेषण नाही, क्रियापदे तीनचार, आणि तरीही एका ओळीतला एक आकडा चुकला तर पुढच्या शंभर ओळी कोसळतात.

शिवाय या भाषेत एक सापळा आहे. इंग्लंडात आणि अमेरिकेत तेच टाके आहेत, परंतु नावे एकमेकांवर सरकलेली आहेत. इंग्रज ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात, त्यालाच अमेरिकन 'सिंगल क्रोशे' म्हणतात. आणि अमेरिकनांचा 'डबल' म्हणजे इंग्रजांचा 'ट्रेबल', म्हणजेच आपला खांब. बाई शाळेत धर्मभगिनींच्या हाताखाली क्रोशा शिकल्या, तो इंग्रजी नावांनी. मासिक निघाले अमेरिकन. जेथे खांब घालावयाचा, तेथे त्यांनी आखूड टाका घातला आणि आठ रात्रींनंतर हाती आली ती पुठ्ठ्यासारखी कडक, अर्ध्या उंचीची पाठ. ती सगळी उसवून, दोरा पुन्हा गुंड्यावर गुंडाळून, त्यांनी पहिल्या साखळीपासून आरंभ केला. ही हकिकत त्यांनी अगदी सहज सांगितली. आमच्या परिचयातील किती लेखक आठ रात्रींचे लिखाण फाडून टाकतील, असे मनात आले.

छापील कृतींचा हा प्रघात फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्रोशा मुख्यतः हाताकडून हाताकडे जात असे. १८४०नंतरच्या दशकात इंग्लंडात विणकामाची पुस्तके मोठ्या संख्येने निघू लागली. या लेखनात लंडनच्या एलेनोर रिएगो द ला ब्रँशार्दिएर यांचे नाव अग्रभागी येते. जुन्या व्हेनिसच्या सुईच्या लेसचा आभास क्रोशाच्या सुईने उभा करता येतो, हे त्यांनी दाखविले. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांच्या कामास पदक मिळाले. त्यांच्यासारख्यांच्या पुस्तकांमुळे शिक्षिका जवळ नसलेल्या बाईलाही एकटीने शिकता येऊ लागले, हा उपकार मोठाच.

परंतु या सगळ्या कृतींत एक गोष्ट सहसा आढळत नाही, आणि ती म्हणजे वेळ. पाककृतीचे पुस्तक मंद आचेवर वीस मिनिटे, असे सांगते. क्रोशाची कृती किती दोरा, कोणती सुई, किती साखळ्या, हे सारे सांगते; किती रात्री, हे सांगत नाही. बाईंना आम्ही विचारले. राखेच्या बुधवारी पहिली साखळी घातली आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी शेवटची गाठ मारली, असे त्या म्हणाल्या. रोज रात्री रोजरी झाल्यावर, भांडी घासून, दीडेक तास. प्रायश्चित्तकाळातील रविवार सोडून दिले तरी हे साठ तासांचे काम झाले आणि त्यात त्या उसवलेल्या आठ रात्रीही आल्या.

हलकेपणाचा इतिहास

उन्हाळी संध्याकाळचे क्रोशाचे जाकीट ही मुळात आपल्या हवेची कल्पना नव्हे. तिचे एक माहेर आयर्लंडात आहे. तेथे जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही पश्चिमेला उजेड असतो आणि त्याच वेळी तापमान दहा-बारा अंशांवर उतरते. बागेत बसावेसे वाटणाऱ्या, पण खांद्यावर काही घ्यावे लागणाऱ्या अशा त्या संध्याकाळी असतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क येथील श्रीमंत स्त्रिया 'आयरिश क्रोशे'चे संपूर्ण कोट आणि जाकिटे उन्हाळ्यात मिरवीत. गुलाब, द्राक्षांचे घोस आणि शॅमरॉकची तीन पाने यांची नक्षी त्यांवर असे. आज तीच वस्त्रे वस्तुसंग्रहालयांत काचेआड जपली जातात.

या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. एकेक फूल, एकेक पान जाड दोरीच्या गाभ्यावर विणून वेगवेगळे तयार करतात. मग कापडावर काढलेल्या आराखड्यावर ती सगळी फुले पालथी टाचतात आणि मधल्या मोकळ्या जागा गाठीगाठींच्या बारीक जाळीने भरीत जातात. शेवटी टाचलेले कापड सोडविले की जाळीत अधांतरी फुललेली बाग हाती राहते. कामाची वाटणीही झालेली असे. एखाद्या घरातील बायका गुलाबच करीत, दुसऱ्या घरातील पाने, आणि जोडणारे हात आणखी वेगळे. सबंध जाकीट जिने एकटीने विणले, अशी बाई बहुधा कोणीच नसे.

आणि या बागेची माती कोणती होती? १८४५ साली आयर्लंडातील बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली. तितकीच, किंवा त्याहून अधिक, देश सोडून गेली. त्या काळात कॉर्क परिसरातील उर्सुलाइन धर्मभगिनींनी मुलींना क्रोशाची लेस शिकविली. मोनाहन परगण्यातील क्लोनिस या गावी तेथील अँग्लिकन धर्मगुरूंची पत्नी कॅसँड्रा हँड हिने १८४७ साली शिक्षिका आणवून हेच काम सुरू केले. कॅथलिक मठ आणि प्रॉटेस्टंट धर्मगुरूचे घर या दोहोंना त्या कठीण वर्षांत एकच उपाय सुचला. कारणही व्यावहारिक होते. सुईची खरी लेस शिकण्यास वर्षे लागत. क्रोशा थोड्या आठवड्यांत हाती बसे. भांडवल म्हणजे एक आकडी आणि दोऱ्याचा गुंडा. शेत गेलेल्या कुटुंबांनी या लेसवर भाकरी मिळविली, आणि कित्येकांनी अमेरिकेच्या बोटीचे भाडेही.

हे सत्कार्य होते, यात शंका नाही. भुकेल्या माणसाच्या हाती त्या वेळी जे देता आले ते त्या धर्मभगिनींनी दिले, आणि त्यांच्या ऋणाची परंपरा आपल्यापर्यंत पोहोचली आहे. आपल्याकडील कॉन्व्हेंट शाळांतून आपल्या आयांनी आणि मावश्यांनी जो क्रोशा उचलला, तो याच परंपरेचा दूरचा धागा. तथापि समीक्षकाने दुसरी बाजूही पाहावयास हवी. लेस विणणारी आणि लेस घालणारी यांच्या मध्ये दलाल उभा होता. फॅशन बदलली की त्या दूरच्या खेड्यातील चूल थंडावे. पॅरिसच्या बाईच्या खांद्याला जाकीट हलके लागत होते; त्याचे वजन कोणाच्या तरी खांद्यावर होतेच.

नरसापूरच्या घरांत

येथवरची गोष्ट परक्या मुलुखाची वाटेल. म्हणून आता आपल्या देशातील एका ठिकाणाकडे येऊ. आंध्र प्रदेशच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर हे गाव आहे. त्या परिसरात क्रोशाच्या लेसचे काम एकोणिसाव्या शतकात मिशनरी कुटुंबांनी आणले. हेतू आयर्लंडातलाच : नव्याने ख्रिस्ती झालेल्या गरीब स्त्रियांना चार पैसे मिळावेत. पुढे तो मोठा निर्यात-व्यवसाय झाला आणि इतर समाजांतील स्त्रियाही त्यात आल्या.

या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर मारिया मीस या जर्मन विदुषीने १९८२ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले, 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर'. मीसबाई १९३१ साली जर्मनीतील एका खेड्यात शेतकरी कुटुंबात जन्मल्या आणि २०२३ साली वारल्या. आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचा संबंध होता. साठच्या दशकात त्या पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकवीत असत.

त्यांच्या पुस्तकाचा गाभा थोडक्यात असा. नरसापूर भागात फार मोठ्या संख्येने स्त्रिया रोज सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणीत होत्या. त्यांचा माल युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात जात होता. व्यापारी आणि निर्यातदार बहुतेक पुरुष होते. आणि विणणाऱ्या बाईच्या पदरी दिवसाकाठी एक रुपयाही पडत नव्हता. हे कसे चालत होते? एका शब्दावर चालत होते. या स्त्रिया 'घरी बसलेल्या' आहेत, गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात, असे व्यापारी म्हणत, सरकारी कागद म्हणत, आणि कित्येकदा त्या स्त्रियाही म्हणत. जी घरी बसलेली आहे ती कामगार नव्हे, आणि जी कामगार नव्हे तिला मजुरी कसली? दिवसभर चालणारे काम 'फावला वेळ' या दोन शब्दांत असे नाहीसे होत होते.

या पुस्तकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मीसबाईंची दृष्टी अर्थशास्त्रावर आहे. टाक्याचे सौंदर्य हा त्यांचा विषय नव्हे. याउलट विणकामाच्या पुस्तकांत टाका दिसतो, पण हात दिसत नाही. आम्हां परीक्षकांस त्या दिवशी दोन्ही दिसले नाहीत. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र या मानांकनाने गावाचे नाव सुरक्षित होते. एखाद्या विशिष्ट बाईचे नाव आणि तिचे तास अजूनही कोठेच नोंदलेले नसतात.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल की आमच्या धर्मग्रामातील त्या बाई काही नरसापूरच्या मजूर नव्हेत. त्यांनी लेकीसाठी मायेने विणले, त्यात तासांचा हिशेब कशाला? आक्षेप रास्त आहे. मायेच्या कामाला मजुरी लावावी, असे आम्हीही म्हणत नाही. पण हिशेब आणि मजुरी या एकच गोष्टी नव्हेत. देणगी देणाऱ्याला किती पडली, हे घेणाऱ्याने जाणून घ्यावे, यात देणगीचा अपमान होत नाही. आणि मायेच्या कामाचा हिशेब मांडू नये, असे म्हणणारे बहुधा ते काम न करणारेच असतात. आमच्या आईने विणलेली आच्छादने वीस वर्षे आमच्या घरातील रेडिओवर, ट्रंकांवर, देव्हाऱ्यावर पसरलेली होती. ती कोणत्या रात्री विणली गेली, हे आम्ही कधी विचारले नाही. 'आईला विणण्याचा नाद आहे', असे आम्ही पाहुण्यांना सांगत असू. नरसापूरचे व्यापारी जो शब्द वापरीत, त्याचाच हा आमचा घरगुती अवतार होता.

आणखी एक गोष्ट या विषयाचा अभ्यास करताना कळली, आणि ती मनातून जात नाही. दोन सुयांच्या विणकामाचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ सालीच बनविले. आज बाजारातील बहुतेक स्वेटर, मोजे आणि बनियन यंत्रावर निघतात. क्रोशाचा खरा टाका बाजारासाठी विणील असे यंत्र मात्र अद्याप चालू नाही. त्याच्यासारखी दिसणारी जाळी यंत्रे काढतात; तोच टाका नाही. याचा अर्थ असा की मुंबईच्या कपड्यांच्या दुकानात खऱ्या क्रोशाचे जे उन्हाळी जाकीट टांगलेले दिसते, ते कोठल्या तरी गावात कोणीतरी हाताने, टाक्यामागे टाका घालून विणलेले असते. त्याची किंमत दोन सिनेमांच्या तिकिटांएवढी असेल, तर तेवढ्यात दोरा, दलाल, वाहतूक आणि दुकानभाडे वजा जाता हाताच्या वाट्याला काय उरले असेल? स्वस्त मिळाले म्हणून हरखणाऱ्या आमच्या मुलींना हे गणित एकदा घालून पाहावे.

दुरुस्त निकाल

आता निकाल. खांदा आणि जाळी यांच्या रचनेत हे जाकीट उत्तम आहे. दोऱ्याच्या निवडीत योग्य. कॉलर आणि झालर यांत संयम सुटलेला. तिघा परीक्षकांत आमच्या एकट्याच्या हाती असते, तर त्याला पहिल्या क्रमांकाच्या पंक्तीत बसविले असते. 'शेवटच्या भोजना'चे पारितोषिक काढून घ्यावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या चित्रामागेही कोणाच्या तरी रात्री आहेत, आणि ते चित्र उलटे करून मागची बाजू पाहण्याचीही तसदी आम्ही घेतली नव्हती. जेथे हाताचे काम आहे, तेथे परीक्षकाने किमान हात लावावा.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथाची कथा आहे. ती वारल्यावर पेत्र आला, तेव्हा विधवांनी रडत रडत त्याला तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे दाखविली. तिच्याविषयी बोलण्यासाठी त्यांना तीच साक्ष पुरेशी वाटली. आम्हांला या प्रसंगात एक गोष्ट विशेष वाटते. तिचे काम जाणणाऱ्यांनी ते दाखविले; आणि ज्याला दाखविले, तो घाईत नव्हता.

महिला मंडळास आमची एक सूचना आहे. पुढील प्रदर्शनात प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर करणारीचे पूर्ण नाव, लागलेला दोरा आणि लागलेले तास लिहावेत. गुण देताना परीक्षकांनी त्या तासांना गुण देऊ नयेत. वाईट वस्तूलाही पुष्कळ तास लागतात. पण चिठ्ठी वाचल्याशिवाय गुणही देऊ नयेत. आणि घरोघरी 'फावला वेळ' हा शब्द उच्चारण्यापूर्वी, तो वेळ कोठून फावला आणि त्यासाठी झोपेतून किती कापला गेला, एवढे एकदा विचारावे.

दोन दिवसांनी आम्ही जाकीट परत करावयास गेलो. या लेखातील मुख्य मुद्दे बाईंना सांगितले. आयर्लंड, पॅरिस, नरसापूर, सारे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. आमची माफीही त्यांनी फारशी मनावर घेतली नाही. मग जाकीट उलगडून त्यांनी मानेमागची बाजू बोटांत धरली, थोडी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "कॉलरचं खरं आहे सर. जाड झालीच आहे. पावसाळ्यात उसवते आणि एकच ओळ ठेवते."